शेजारी प्रदेशांमधील मैत्रीपूर्ण पक्षिगणना स्पर्धा : स्वरूप, उपयुक्तता आणि मर्यादा

बीजसंज्ञा : पक्षिनिरीक्षण, पक्षिगणना, नागरिक विज्ञान, पूर्ण यादी, आढळ-वारंवारिता, माळरान परिसंस्था.

प्रस्तावना

पक्षिनिरीक्षण हा स्वभावतः शांत आणि एकांतप्रिय छंद मानला जातो. स्पर्धा ही त्याच्या प्रकृतीशी विसंगत वाटणारी गोष्ट आहे. असे असूनही गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात पक्ष्यांविषयीच्या माहितीचा सर्वांत मोठा साठा ज्या उपक्रमांतून उभा राहिला, त्यांपैकी अनेकांचे बाह्य रूप स्पर्धेचे आहे. एक तालुका शेजारच्या तालुक्याशी, एक राज्य शेजारच्या राज्याशी, तर एक देश शेजारच्या देशाशी एकाच दिवशी स्पर्धा करतो. ठरावीक कालावधीत कोणाच्या प्रदेशात पक्ष्यांच्या अधिक जाती नोंदल्या जातात, एवढाच या स्पर्धेचा वरवरचा प्रश्न असतो. या प्रश्नाच्या उत्तरातून मिळणारी माहिती मात्र संवर्धनाच्या धोरणापर्यंत पोहोचते. म्हणूनच अशा स्पर्धेचे कोष्टक नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, हे समजून घेणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात या स्पर्धांची पार्श्वभूमी, त्यांचे भारतातील स्वरूप, त्यांच्या नियमांमागील कारणे आणि त्यांच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला असून, महाविद्यालयीन पातळीवर त्यांची आखणी कशी करता येईल याचाही विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : बंदुकीकडून वहीकडे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत नाताळच्या दिवशी ‘साइड हंट’ नावाची प्रथा रूढ होती. गावातील शिकारी दोन गटांत विभागले जात आणि दिवसभरात जो गट अधिक पशुपक्षी मारून आणील तो विजयी ठरे. स्पर्धेची ईर्षा, सणाचा उत्साह आणि गटाचा अभिमान या साऱ्यांचा परिणाम अर्थातच संहारात होत असे. न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’ या संस्थेतील पक्षितज्ज्ञ आणि ‘बर्ड-लोअर’ या नियतकालिकाचे संपादक फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली या प्रथेला पर्याय सुचविला. त्यांनी उत्साहाला विरोध केला नाही, केवळ त्याची दिशा बदलली. पक्षी मारण्याऐवजी ते मोजावेत आणि ती मोजदाद नियतकालिकाकडे पाठवावी, असे आवाहन त्यांनी केले. २५ डिसेंबर १९०० रोजी २७ निरीक्षकांनी २५ ठिकाणी ही गणना केली आणि सुमारे ९० जातींची नोंद झाली. आज ‘ख्रिसमस बर्ड काउंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमात १५ मैल व्यासाचे वर्तुळ हे गणनेचे एकक मानले जाते. एकाच वर्तुळात वर्षानुवर्षे गणना होत असल्यामुळे पक्ष्यांच्या संख्येतील दीर्घकालीन बदल अभ्यासण्यासाठी या नोंदी अमूल्य ठरल्या आहेत.

या घटनेतून एक महत्त्वाचे सूत्र हाती लागते. माणसाच्या स्पर्धावृत्तीचे दमन करण्यापेक्षा तिला विधायक वळण देणे अधिक फलदायी ठरते. मात्र ईर्षा कोणत्या गोष्टीसाठी लावायची, हे ठरविण्याची जबाबदारी आयोजकावर येते. चॅपमन यांनी ‘किती मारले’ या प्रश्नाच्या जागी ‘किती पाहिले’ हा प्रश्न ठेवला. पुढे ‘किती पाहिले’ या प्रश्नातही दोष आहेत हे लक्षात आले आणि त्यानुसार नियम विकसित होत गेले.

१९८४ साली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात ‘वर्ल्ड सिरीज ऑफ बर्डिंग’ ही स्पर्धा सुरू झाली. मध्यरात्री सुरू होऊन पुढच्या मध्यरात्री संपणाऱ्या या स्पर्धेत संघांना २४ तासांत राज्याच्या हद्दीतील जास्तीत जास्त जाती नोंदवावयाच्या असतात. पहिल्या वर्षीच्या विजयी संघाने २०१ जाती नोंदविल्या होत्या. सुप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ रॉजर टोरी पीटरसन हे त्या संघाचे एक सदस्य होते. या स्पर्धेत संघांचे हितचिंतक नोंदविलेल्या प्रत्येक जातीमागे काही रक्कम देण्याचे वचन देतात आणि तो निधी संवर्धनकार्यासाठी वापरला जातो. हार-जीत काहीही झाली तरी लाभ पक्ष्यांचाच होतो, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय.

शेजारी देशांमधील चुरस

प्रादेशिक चुरशीचे सर्वांत ठळक उदाहरण दक्षिण अमेरिकेत दिसते. कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या ‘ई-बर्ड’ या नोंद-प्रणालीमार्फत २०१५ पासून दर मे महिन्यात ‘ग्लोबल बिग डे’ हा एकदिवसीय उपक्रम घेतला जातो. पहिल्या दोन्ही वर्षी, म्हणजे २०१५ व २०१६ मध्ये, पेरू हा देश जातींच्या संख्येत प्रथम आला. २०१७ मध्ये कोलंबियाने त्याला मागे टाकले. २०१८ मध्ये कोलंबियातील निरीक्षकांनी एका दिवसात १,५०० हून अधिक जाती नोंदविल्या. दोन्ही देशांत अँडीज पर्वतरांगा आणि ॲमेझॉनचे खोरे असल्यामुळे पक्षिवैभवात दोघेही तुल्यबळ आहेत. मग हा बदल कशामुळे झाला? कोलंबियात नवे पक्षी अवतरले नव्हते. बदलली होती ती माणसांची परिस्थिती. २०१६ च्या शांतता करारानंतर, दीर्घकाळ सशस्त्र संघर्षामुळे दुर्गम राहिलेले अनेक प्रदेश निरीक्षकांना खुले झाले आणि स्थानिक पक्षिनिरीक्षकांचे जाळे वेगाने विस्तारले. स्पर्धेचे कोष्टक पक्ष्यांइतकेच, किंबहुना काही वेळा पक्ष्यांपेक्षा अधिक, माणसांविषयी सांगत असते, याचा हा बोलका पुरावा होय.

भारतातील स्वरूप

भारतात पक्षिगणनेची परंपरा नवी नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आणि डॉ. सलीम अली यांच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथाने निरीक्षकांच्या अनेक पिढ्या घडविल्या. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर या दोहोंना जोडून ‘पक्षी सप्ताह’ घोषित केला. मुंबईत २००५ पासून संघ करून दिवसभर निरीक्षण करण्याची ‘बर्ड रेस’ सुरू झाली व पुढे ती इतर शहरांतही पसरली.

तथापि, प्रदेशाप्रदेशांतील मैत्रीपूर्ण स्पर्धेला खरे व्यापक रूप मिळाले ते ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या फेब्रुवारी महिन्यातील चार दिवसांच्या गणनेमुळे. १९९८ साली उत्तर अमेरिकेत सुरू झालेला हा उपक्रम २०१३ पासून जगभर खुला झाला आणि त्याच वर्षी भारतीय निरीक्षकही त्यात सहभागी झाले. किमान १५ मिनिटे कोणत्याही ठिकाणी थांबून वा चालत दिसलेल्या व ऐकू आलेल्या सर्व पक्ष्यांची यादी सादर करावयाची, एवढाच त्याचा साधा नियम आहे. ‘बर्ड काउंट इंडिया’ हा संस्थांचा समूह भारतातील समन्वय पाहतो. राज्यनिहाय आणि जिल्हानिहाय आकडे प्रसिद्ध होत असल्यामुळे शेजाऱ्यांमध्ये आपोआपच चुरस निर्माण होते. याच धर्तीवर तमिळनाडूत पोंगलच्या वेळी आणि केरळात ओणमच्या वेळी पक्षिगणना होते. मे २०२२ मध्ये भारत, नेपाळ आणि भूतान या तीन शेजारी देशांनी एकत्र येऊन हिमालयीन पक्षिगणना सुरू केली. पक्षी राजकीय सीमा मानत नाहीत. मग गणनेने तरी त्या का मानाव्यात, हा विचार त्यामागे होता.

कोष्टक नेमके काय मोजते?

२०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षीच्या फेब्रुवारीतील गणनेत भारतात जातींच्या संख्येत पश्चिम बंगाल प्रथम आला, तर सादर केलेल्या याद्यांच्या संख्येत केरळ. या दोन प्रथम क्रमांकांचे अर्थ परस्परांहून पूर्णतः भिन्न आहेत. पश्चिम बंगालचा विस्तार दार्जिलिंगच्या हिमालयापासून सुंदरबनच्या खारफुटीपर्यंत आहे. अधिवासांची ही विविधता हाच त्याच्या यशाचा मुख्य आधार होय. केरळ हे तुलनेने लहान राज्य आहे. परंतु तेथे जिल्ह्याजिल्ह्यांत निरीक्षकांचे सुसंघटित जाळे आहे. पहिला क्रमांक निसर्गाची देणगी दर्शवितो, तर दुसरा समाजाचा सहभाग. दोन्ही स्पृहणीय आहेत. मात्र एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटविल्यास निष्कर्ष चुकतो.

हा मुद्दा एका काल्पनिक उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन शेजारी तालुके आहेत. ‘अ’मधून ४० याद्या आल्या व एकूण १३२ जाती नोंदल्या गेल्या. ‘ब’मधून १० याद्या आल्या व ९८ जाती मिळाल्या. जातींची संख्या हाच निकष असेल तर ‘अ’ विजयी ठरेल. परंतु पहिल्या काही याद्यांत नव्या जातींची भर झपाट्याने पडते आणि पुढे तिचा वेग मंदावतो, हे सर्वज्ञात आहे. त्यामुळे ४० याद्यांची १० याद्यांशी थेट तुलना करणे न्याय्य नाही. ‘अ’च्या ४० याद्यांतून यदृच्छेने १० याद्या पुन्हा पुन्हा निवडून त्यांतील जातींची सरासरी काढल्यास ती ९८ पेक्षा कमीही भरू शकेल. आता चंडोल या एकाच पक्ष्याचा विचार करू. तो ‘अ’च्या ४० पैकी ८ याद्यांत, म्हणजे २० टक्के याद्यांत आढळला, ‘ब’च्या १० पैकी ६ याद्यांत, म्हणजे ६० टक्के याद्यांत. याला आढळ-वारंवारिता म्हणतात. एकूण नोंदी ‘अ’मध्ये अधिक असूनही चंडोल ‘ब’मध्ये अधिक नियमितपणे दिसतो, असा संकेत येथे मिळतो. १० याद्या हा आधार तोकडाच आहे, हे खरे. पण त्यामुळेच ‘ब’मधून आणखी याद्या येणे ही ‘अ’च्या आणखी चार दुर्मीळ जातींपेक्षा अधिक मोलाची गोष्ट ठरते.

नियमांमागील कारणे

अशा गणनांचे नियम वरकरणी किरकोळ वाटतात. परंतु त्यांतील प्रत्येकामागे निश्चित प्रयोजन आहे.

पहिला नियम ‘पूर्ण यादी’चा. निरीक्षकाने ओळखता आलेल्या सर्व पक्ष्यांची नोंद करावी, केवळ विशेष वाटलेल्या पक्ष्यांची नव्हे. कावळा, साळुंकी, पारवा यांची नोंद कंटाळवाणी वाटून टाळली गेली, तर उद्या त्यांची संख्या घटली तरी ती घट कोणाच्याच लक्षात येणार नाही. यादी पूर्ण असेल तरच एखाद्या पक्ष्याची अनुपस्थिती हीदेखील माहिती ठरते.

दुसरा नियम प्रयत्नांच्या नोंदीचा. निरीक्षणाची वेळ, कालावधी, चाललेले अंतर आणि निरीक्षकांची संख्या या बाबी नोंदविणे आवश्यक असते. पंधरा मिनिटांत दिसलेले २० पक्षी आणि पाच तासांत दिसलेले २० पक्षी यांचा अर्थ एक नाही.

तिसरा नियम पडताळणीचा. त्या प्रदेशात वा त्या ऋतूत अनपेक्षित असलेली नोंद आल्यास स्थानिक जाणकार परीक्षक निरीक्षकाकडून तपशील किंवा छायाचित्र मागवितात. ही चौकशी म्हणजे अविश्वास नव्हे; शोधनिबंधाच्या परीक्षणासारखीच ती ज्ञानव्यवहारातील एक स्वाभाविक पायरी आहे.

चौथा नियम आचारसंहितेचा. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पक्ष्यांना आकर्षित करणे, घरट्याजवळ जाऊन छायाचित्रे घेणे वा रात्रनिवाऱ्यावरील थवे उठविणे सर्वथा वर्ज्य मानावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करण्याचाही समावेश आहे, याची जाणीव स्पर्धकांना आधीच करून द्यावयास हवी.

स्पर्धेच्या मर्यादा : माळरानाचा प्रश्न

जातींची संख्या हाच एकमेव निकष ठेवल्यास सर्वांत गंभीर अन्याय होतो तो माळरानांवर. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील सदाहरित वनाच्या कडेला उभे राहिले असता एका सकाळी जेवढ्या जाती दिसतील, तेवढ्या सोलापूर परिसरातील माळावर दिसणार नाहीत. मात्र माळढोक, तणमोर, धाविक हे पक्षी माळाचेच. त्यांना घाटातील वन उपयोगाचे नाही. पडीक जमीन म्हणून हिणवल्या गेलेल्या माळरानांवर आधीच शेती, वनीकरण, उद्योग आणि वीजवाहिन्या यांचे आक्रमण झालेले आहे. त्यात पक्षिनिरीक्षकांच्या कोष्टकानेही त्यांना तळाचे स्थान दिले, तर ‘तेथे काहीच नाही’ या समजाला अभावितपणे दुजोरा मिळतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला, त्यांपैकी ६० टक्के जातींत घट दिसून आली. गवताळ व खुल्या अधिवासांत राहणारे पक्षी, शिकारी पक्षी आणि स्थलांतरित किनारपक्षी यांची स्थिती विशेष चिंताजनक असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. त्याचबरोबर मोरासारख्या काही जाती वाढत असल्याचेही दिसले. याच मालिकेतील २०२० च्या अहवालाने चिमणी देशातून नाहीशी होत आहे हा समज तपासला. महानगरांत ती घटली असली, तरी एकूण देशभरात तिची स्थिती बरीचशी स्थिर असल्याचा निष्कर्ष पुढे आला. हे निष्कर्ष दुर्मीळ पक्ष्यांच्या एखाददुसऱ्या नोंदीवरून निघालेले नाहीत. सामान्य पक्ष्यांच्या लक्षावधी सामान्य नोंदींवरून ते निघाले आहेत.

स्पर्धेचा दुसरा दोष म्हणजे प्रसिद्ध स्थळांवरील गर्दी. निरीक्षकांची पावले साहजिकच उजनीच्या जलाशयाकडे किंवा नांदूर मधमेश्वरकडे वळतात. परिणामी एका पाणथळीच्या शेकडो याद्या तयार होतात आणि शेजारच्या पन्नास गावांची एकही यादी नसते. या दोषावरील उपायाचा वस्तुपाठ केरळने घालून दिला. २०१५ ते २०२० या काळात तयार झालेल्या केरळ पक्षी नकाशासंग्रहासाठी संपूर्ण राज्याची चौकटींत विभागणी करून पद्धतशीर नमुना-निवड करण्यात आली. निरीक्षकाने आवडीच्या ठिकाणी न जाता नेमून दिलेल्या चौकटीत जावयाचे, अशी ही पद्धत होती. एक हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी सुमारे २५,००० याद्या तयार केल्या आणि ३६१ जातींची नोंद झाली. वार्षिक गणनांमधून घडलेले मनुष्यबळ अशा शिस्तबद्ध कामासाठी उपयोगी पडते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. स्पर्धा ही प्रवेशद्वारासारखी आहे. तेथेच थांबून राहणे अपेक्षित नाही.

महाविद्यालयीन पातळीवरील आखणी

फेब्रुवारीच्या गणनेत शैक्षणिक परिसरांसाठी ‘कॅम्पस बर्ड काउंट’ हा स्वतंत्र विभाग असतो. त्याचा आधार घेऊन शेजारच्या दोन किंवा अधिक महाविद्यालयांना मैत्रीपूर्ण स्पर्धा आयोजित करता येईल. त्यासाठी पुढील बाबी विचारात घेणे उचित ठरेल.

एक, पारितोषिके एकापेक्षा अधिक निकषांवर विभागावीत. जातींच्या संख्येबरोबरच पूर्ण याद्यांची संख्या, प्रथमच नोंद झालेल्या गावांची संख्या आणि नवोदित निरीक्षकांचा सहभाग यांनाही स्थान असावे. दोन, दोन्ही महाविद्यालयांच्या परिसराचे क्षेत्रफळ व अधिवास भिन्न असल्यास समान याद्यांवर आधारित तुलना करावी. तीन, दोन्हीकडील विद्यार्थ्यांचे मिश्र संघ करून एक दिवस एकमेकांच्या प्रदेशात पाठवावेत. घाटाजवळच्या विद्यार्थ्याला माळावरील धाविक ओळखणे आणि माळावरच्या विद्यार्थ्याला शीळकरी कस्तुराची शीळ ओळखणे, हे अन्य कोणत्याही पद्धतीने इतक्या सहजतेने साधणार नाही. चार, एकच उपक्रम दरवर्षी त्याच दिवसांत आणि त्याच मार्गांवर घ्यावा. एका वर्षाचे आकडे ही बातमी असते. दहा वर्षांचे आकडे हे संशोधनसाहित्य असते.

या उपक्रमाचे बहुविद्याशाखीय स्वरूपही लक्षणीय आहे. जातींची ओळख आणि अधिवास हा प्राणिशास्त्राचा व वनस्पतिशास्त्राचा विषय. चौकटींची आखणी व नकाशे हा भूगोलाचा. याद्यांची तुलना हा संख्याशास्त्राचा. मराठी विभागाला पक्ष्यांच्या स्थानिक नावांचे संकलन करता येईल. एकाच पक्ष्याला कोकणात, देशावर आणि विदर्भात निरनिराळी नावे आहेत. त्यांतील बरीचशी नावे जाणत्या पिढीबरोबर लोप पावण्याचा धोका आहे. पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पकार्यासाठी तर ही सामग्री सहजसाध्य व विनाखर्चाची आहे.

सातत्यपूर्ण शोधाचे मोल किती असते, हे रानपिंगळ्याच्या उदाहरणावरून कळते. १८८४ नंतर निश्चित नोंद नसलेला आणि नामशेष झाल्याचे मानले गेलेला हा पक्षी १९९७ साली खानदेशातील शहाद्याजवळच्या वनात पुन्हा आढळला. तो तेथे नव्हता असे नाही. त्याच्याकडे पाहणारे डोळे तेथे पोहोचले नव्हते. ज्या तालुक्यातून एकही यादी येत नाही, त्या तालुक्याविषयी ‘तेथे पक्षी नाहीत’ असे म्हणण्यापूर्वी हे उदाहरण स्मरणात ठेवणे आवश्यक आहे.

समारोप

शेजारी प्रदेशांमधील पक्षिगणना स्पर्धा ही खेळ आणि विज्ञान यांच्या सीमारेषेवरील संस्था आहे. खेळातील चुरस नसेल तर पहाटे घराबाहेर पडणारे हजारो लोक मिळणार नाहीत, आणि विज्ञानाची शिस्त नसेल तर त्यांच्या श्रमांतून विश्वसनीय ज्ञान निर्माण होणार नाही. या दोहोंचा मेळ घालण्याचे सामर्थ्य निकषांच्या निवडीत आहे. उजनीच्या जलाशयाचे पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. त्यावर उतरणारे रोहित आणि पट्टकदंब हंस कोणत्या जिल्ह्याच्या खात्यावर जमा करावयाचे, हा वाद निरर्थक होय. तिन्ही जिल्ह्यांतील निरीक्षकांनी आपापल्या काठावरून त्याच सकाळी गणना केली, तरच त्या थव्यांचे यथार्थ चित्र हाती येईल. शेजाऱ्याला हरविण्याच्या इच्छेने सुरू झालेली स्पर्धा शेजाऱ्याच्या नोंदीवाचून अपुरी राहते, ही जाणीव स्पर्धकांमध्ये रुजविणे हे शिक्षकाचे काम आहे.